ई-कचऱ्याची वाट

द्वारका हे नाव उच्चारताच मराठी वाचकाच्या मनात सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील श्रीकृष्णाची नगरी उभी राहते. येथे विचार आहे तो मात्र दिल्लीच्या नैर्ऋत्येस वसलेल्या द्वारका या उपनगराचा. दिल्ली विकास प्राधिकरणाने 'पप्पनकलां' या नावाने या वसाहतीची आखणी केली. पुढे तिला द्वारका हे नाव मिळाले. क्रमांक घातलेली सेक्टरे, सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या बहुमजली इमारती, शाळा, रुग्णालये, जिल्हा न्यायालय, विद्यापीठे अशी या उपनगराची रचना आहे. ३१ डिसेंबर २००५ रोजी येथे मेट्रो येऊन पोहोचली आणि वस्ती झपाट्याने वाढली. सुखवस्तू कुटुंबांची संख्या मोठी असल्यामुळे घरोघरी दूरदर्शन संच, शीतकपाट, वातानुकूलन यंत्र, धुलाईयंत्र, संगणक आणि माणशी एक तरी मोबाइल फोन असतो. या सर्व वस्तू आज ना उद्या निकामी होतात. त्यानंतर त्यांचे काय होते, हा प्रश्न साधा वाटतो. परंतु त्याचे उत्तर शोधू लागले की दिल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि पुढे शेजारच्या राज्यापर्यंत प्रवास करावा लागतो.

विजेवर किंवा विद्युतघटावर चालणारी जी वस्तू तिच्या मालकाने टाकून दिली, ती म्हणजे ई-कचरा. संगणक हा ई-कचरा आहे, तसाच मिक्सर, पंखा, इस्त्री, नळीदिवा आणि लहान मुलाचे आवाज करणारे खेळणेही. संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला. त्यातील जेमतेम २२ टक्के कचऱ्याचे संकलन व पुनश्चक्रीकरण रीतसर नोंद होऊन झाले. त्याच अहवालात भारताचा वाटा सुमारे ४१ लाख टन दिला असून चीन आणि अमेरिका यांच्या खालोखाल भारताचा क्रमांक लागतो.

मात्र 'कचरा' हा शब्द येथे थोडा फसवा आहे. ओला कचरा उचलून नेण्यासाठी घरमालकाला पैसे मोजावे लागतात. ई-कचरा नेणारा उलट घरमालकाच्याच हातावर पैसे ठेवतो. ज्या वस्तूला गिऱ्हाईक आहे ती वस्तू टाकाऊ कशी म्हणावी? निकामी झालेल्या संगणकात लोखंड, तांबे, ॲल्युमिनिअम, प्लॅस्टिक, काच, कथील, शिसे आणि अत्यल्प प्रमाणात चांदी, सोने व पॅलेडियम असे मौल्यवान धातू असतात. सोने गंजत नाही आणि वीज उत्तम वाहून नेते, म्हणून जोडणीच्या टाचण्यांवर त्याचा पातळ मुलामा दिलेला असतो. एका टन सोनखनिजातून काही ग्रॅम सोने मिळते. एक टन जुन्या मोबाइल फोनमध्ये मात्र ते शेकडो ग्रॅम असू शकते. जपानने ही गोष्ट जगाला प्रत्यक्ष करून दाखविली. टोकियो येथील ऑलिंपिक क्रीडास्पर्धांसाठी लागणारी सुमारे पाच हजार पदके घडविण्याकरिता तेथील नागरिकांनी एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ या काळात सुमारे ७९ हजार टन जुनी विद्युत उपकरणे गोळा करून दिली. त्यांत ६२ लाखांहून अधिक मोबाइल फोन होते. त्यांतून सुमारे ३२ किलो सोने, साडेतीन हजार किलो चांदी आणि बावीसशे किलो कांस्य हाती आले.

द्वारकेतील घरातून निकामी वस्तू बाहेर पडते ती बहुधा कबाडीच्या गाडीवरून. महाराष्ट्रात ज्याला भंगारवाला म्हणतात त्याला दिल्लीत कबाडी म्हणतात. तो सायकल-ठेला घेऊन सोसायटीच्या फाटकाशी येतो, चौथ्या मजल्यावरून अवजड दूरदर्शन संच पाठीवर घेऊन खाली उतरवितो, जागच्या जागी भाव ठरवितो आणि रोख पैसे देऊन मोकळा होतो. पावती नाही, अर्ज नाही, खेटे नाहीत. अनेक सुशिक्षित नागरिक सभासंमेलनांत पर्यावरणाविषयी बोलतात आणि घरी येऊन जुना संगणक कबाडीच्या स्वाधीन करतात, त्याचे कारण या सोयीत आहे. त्यांना दोष देण्यापूर्वी ही सोय दुसऱ्या कोणी उपलब्ध करून दिली आहे काय, हे पाहणे न्यायाचे ठरेल.

काकरोला, मटियाला, बिंदापूर, पालम या जुन्या गावांच्या दाट वस्त्या द्वारकेला लागून आहेत. आखीव सेक्टरांत भंगाराच्या गुदामाला जागा नसते. ती अशा जुन्या वस्त्यांतून मिळते. फेरीवाला कबाडी दिवसभराचा माल गुदामाच्या मालकाला विकतो. पुष्कळदा सकाळी खरेदीसाठी लागणारे भांडवलही त्याने याच मालकाकडून उचललेले असते. त्यामुळे माल दुसरीकडे चढ्या भावाने विकण्याचे स्वातंत्र्य त्याला उरत नाही. गुदामात पहिली निवड होते. जी वस्तू थोड्या दुरुस्तीने चालू शकेल ती बाजूला काढली जाते. कारण चालू वस्तूला भंगाराच्या कितीतरी पट किंमत येते. अशा वस्तू आणि त्यांचे सुटे भाग यांसाठी दिल्लीत जुने व मोठे बाजार आहेत. संगणकाच्या भागांसाठी नेहरू प्लेस, मोबाइलच्या दुरुस्तीसाठी करोल बागेतील गफार मार्केट आणि इतर इलेक्ट्रॉनिक साहित्यासाठी लाल किल्ल्यासमोरील लजपतराय मार्केट ही नावे दिल्लीतील प्रत्येक कारागिराला ठाऊक असतात. काच-नळीचे संगणक-पडदे वापरात होते त्या काळी त्यांच्या नळ्या काढून, त्यांत नवी मंडले बसवून स्वस्त दूरदर्शन संच तयार करण्याचा मोठा धंदा दिल्लीत चालत असे. पुनर्वापराचा हा भाग खरोखर वाखाणण्यासारखा आहे. वस्तू वितळवून धातू काढण्यापेक्षा ती वस्तू म्हणूनच आणखी चार वर्षे वापरणे केव्हाही अधिक काटकसरीचे असते.

जे दुरुस्त होण्यापलीकडे गेले आहे ते पुढे सरकते. लोखंडी सांगाडे व यंत्रांचे भाग मायापुरीकडे, प्लॅस्टिक मुंडका व टिकरी कलां या भागांकडे आणि संगणक, मोबाइल व त्यांचे मुद्रित फलक ईशान्य दिल्लीतील सीलमपूर व मुस्तफाबाद या वस्त्यांकडे, अशी ही वाटणी ढोबळमानाने सांगता येईल. सीलमपूर हे देशातील ई-कचऱ्याच्या सर्वांत मोठ्या बाजारांपैकी एक मानले जाते. तेथील अरुंद गल्ल्यांतून एकेका घराने एकेक काम वाटून घेतलेले असते. एका दुकानात केवळ वीजपुरवठ्याचे डबे, दुसऱ्यात केवळ हार्ड डिस्क, तिसऱ्यात केवळ तारा. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत श्रमविभागणी हा विषय असतो; तिचे इतके नेमके उदाहरण क्वचितच आढळेल.

या धंद्यात नफा कोठून येतो, हे समजून घेण्याजोगे आहे. मिसळलेल्या मालाला भाव कमी आणि निवडलेल्या मालाला भाव अधिक, हे भंगाराच्या व्यापाराचे मूळ सूत्र होय. शीतकपाटाचा दाबयंत्राचा डबा, म्हणजे कॉम्प्रेसर, जसाच्या तसा विकला तर तो लोखंडाच्या जवळपासच्या भावाने जातो. तो कापून आतील तांब्याचे वेटोळे वेगळे केले की त्याला तांब्याचा भाव मिळतो. आणि तांबे ॲल्युमिनिअमच्या तिपटीहूनही महाग असते. म्हणून प्रत्येक टप्प्यावरील माणूस थोडे श्रम घालून माल अधिक शुद्ध करतो व पुढच्याला विकतो. तांब्याच्या तारेवरील प्लॅस्टिकचे वेष्टन चाकूने सोलून काढले तर तांबे चकचकीत राहते व त्याला वरचा भाव मिळतो. वेष्टन जाळले तर श्रम वाचतात. पण तांबे काळवंडते, त्याचा भाव उतरतो आणि धूर सोलणाऱ्याच्या व शेजाऱ्याच्या फुफ्फुसांत जातो. जाडजूड तारा सोलणे परवडते. केसासारख्या बारीक तारा सोलण्यास लागणारा वेळ परवडत नाही, म्हणून त्या जाळल्या जातात. विषारी धूर का निघतो, याचे उत्तर रसायनशास्त्राइतकेच मजुरीच्या दरातही दडलेले आहे.

आता मुद्रित फलकाकडे वळू. हिरव्या रंगाच्या या पातळ फळीवर शेकडो लहान भाग डाखाने जोडलेले असतात. जुन्या फलकांतील डाख कथील व शिसे यांच्या मिश्रणाचा असे. वस्तीतील कारागीर हा फलक शेगडीवरील तव्यावर किंवा ज्योतीवर तापवितो. डाख वितळला की चिमट्याने चकत्या उपटून काढतो. त्यांतील काही पुन्हा विकल्या जातात. वितळलेला डाख साठवून तोही विकला जातो. या तापविण्यात शिशाची वाफ व सूक्ष्म कण हवेत मिसळतात. त्यानंतर सोन्याचा मुलामा असलेले भाग कापून तीव्र आम्लात टाकतात. नायट्रिक आम्ल व हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या मिश्रणाला अम्लराज म्हणतात. एरवी कोणत्याही एका आम्लाला दाद न देणारे सोने त्यात विरघळते. मोठ्या प्रयोगशाळेत हे काम धुराडे असलेल्या बंदिस्त कपाटात, हातमोजे व चष्मा घालून करतात. वस्तीत ते प्लॅस्टिकच्या टबात, उघड्यावर होते. सोने निघते, पण त्याचा बराच भाग वाया जातो, आणि उरलेले आम्ल धातूंसह गटारात किंवा मोकळ्या जमिनीवर ओतले जाते. मंडोली आणि उत्तर प्रदेशातील गाझियाबाद जिल्ह्यातील लोनी ही गावे अशा आम्लाच्या कामासाठी कुप्रसिद्ध झाली. 'टॉक्सिक्स लिंक' या दिल्लीस्थित संस्थेने २००३ सालीच दिल्लीतील या धंद्याकडे लक्ष वेधले होते. त्याच संस्थेने २०१४ साली लोनी व मंडोली येथील माती आणि पाणी तपासले, तेव्हा त्यांत शिशासारख्या जड धातूंचे प्रमाण मर्यादेपेक्षा कितीतरी अधिक आढळले.

सर्व फलक दिल्लीतच संपतात असेही नाही. त्यांतील पुष्कळ माल मुरादाबादला जातो. मुरादाबाद हे पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेले नगर. धातू वितळविण्याचे कौशल्य तेथे पिढ्यान् पिढ्यांचे आहे. पितळेच्या धंद्याला उतरती कळा लागल्यावर अनेक कुटुंबे फलक जाळण्याच्या कामाकडे वळली. जळालेल्या फलकांची राख रामगंगेच्या पाण्यात धुऊन तिच्यातील धातूचे कण वेचले जातात आणि उरलेली काळी भुकटी नदीकाठी पडून राहते. द्वारकेतील एखाद्या घरातून निघालेला संगणक अशा रीतीने दुसऱ्या राज्यातील नदीत पोहोचू शकतो. विकणाऱ्याला याची वार्ताही नसते.

शिसे, पारा आणि कॅडमियम या तीन धातूंची ओळख प्रत्येकाला असणे आवश्यक आहे. जुन्या दूरदर्शन संचाच्या काच-नळीत क्ष-किरण अडविण्यासाठी शिसे मिसळलेले असते. मोठ्या नळीत ते किलोच्या हिशोबाने असते. शिसे शरीरात शिरले की ते सहजासहजी बाहेर पडत नाही, हाडांत साठून राहते. प्रौढांपेक्षा बालकांचे शरीर ते अधिक शोषून घेते आणि त्यांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा जो परिणाम होतो तो भरून निघत नाही. पारा हा नळीदिव्यांत आणि सीएफएल दिव्यांत असतो. काच फुटताच त्याची वाफ खोलीत पसरते. जुन्या निकेल-कॅडमियम विद्युतघटांतील कॅडमियम मूत्रपिंडावर आघात करते. याशिवाय तारांवरील पीव्हीसी प्लॅस्टिक जळताना डायॉक्सिन नावाची अत्यंत विषारी द्रव्ये तयार होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ई-कचरा आणि बालके यांवर स्वतंत्र अहवाल काढला. त्यात गर्भवती स्त्रिया व मुले यांना असलेल्या धोक्यावर विशेष भर आहे; कारण हे काम पुष्कळदा घराच्या ओसरीवरच चालते आणि ज्या खोलीत फलक तापतो तिच्याच शेजारच्या खोलीत बाळ निजलेले असते.

शीतकपाट व वातानुकूलन यंत्र यांतील धोका डोळ्यांना दिसत नाही. त्यांच्या नळ्यांत शीतकारक वायू भरलेला असतो. जुन्या यंत्रांतील वायू ओझोनच्या थराला हानी पोहोचवितो; १९८७ सालच्या माँट्रियल करारान्वये अशा वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने थांबविण्याचे जगाने ठरविले. त्यानंतर आलेला आर-१३४ए हा वायू ओझोनला अपाय करीत नाही. पण वातावरण तापविण्याची त्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे ते चौदाशे पट आहे. भंगाराच्या दुकानात नळी करवतीने कापली जाते, क्षणभर 'फुस्स' असा आवाज येतो आणि काम संपते. वायू ओढून बाटलीत भरण्याचे यंत्र अस्तित्वात आहे; परंतु त्या वायूला भंगारात गिऱ्हाईक नाही आणि ज्याला गिऱ्हाईक नाही ते कोणी साठवीत नाही.

भंगारात काय येऊन पडेल याचा नेम नसतो. याचे भीषण उदाहरण द्वारकेपासून फार दूर नसलेल्या मायापुरीत २०१० साली घडले. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात संशोधनासाठी आणलेले एक गॅमा किरणयंत्र १९८५ पासून वापराविना पडून होते. फेब्रुवारी २०१० मध्ये इतर जुन्या सामानासह त्याचा लिलाव झाला आणि ते मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचले. किरण अडविण्यासाठी त्याभोवती शिशाचे जाड कवच होते. शिशाला भाव असल्यामुळे कामगारांनी ते नेहमीच्या सवयीने फोडले आणि आतील कोबाल्ट-६० उघडे पडले. कोबाल्ट-६० ची किरणोत्सर्गाची तीव्रता निम्मी होण्यास सव्वापाच वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो; इतकी वर्षे पडून राहूनही ते प्राणघातक होते. एप्रिलमध्ये दुकानदार व कामगार यांची त्वचा काळी पडू लागली, केस गळू लागले, उलट्या सुरू झाल्या. अणुऊर्जा विभागाच्या तज्ज्ञांनी बाजारातून किरणोत्सर्गी तुकडे शोधून काढले आणि सुरक्षित स्थळी हलविले. अनेकांवर रुग्णालयात उपचार झाले. एका कामगाराचा मृत्यू झाला. ज्यांनी ते यंत्र फोडले त्यांना त्यावरील सूचनांचा अर्थ ठाऊक नव्हता. ज्यांनी ते विकले त्यांना तो ठाऊक असणे अपेक्षित होते.

मोठ्या कारखान्यांत हेच काम कसे होते, हे थोडक्यात पाहू. प्रथम विद्युतघट, पारा असलेले दिवे व वायू असे धोकादायक भाग हाताने वेगळे करतात. उरलेल्या वस्तूचे यंत्राने बारीक तुकडे होतात. चुंबक लोखंड उचलतो. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे ॲल्युमिनिअमचे तुकडे पट्ट्यावरून दूर फेकले जातात. वजनातील फरकाने प्लॅस्टिक निराळे होते. धूळ व धूर गाळण्यांतून जातो. फलक मोठ्या भट्टीत वितळवून त्यांतून तांबे, सोने, चांदी व पॅलेडियम काढतात. अशा अद्ययावत भट्ट्या बेल्जियम, स्वीडन, जपान यांसारख्या देशांत आहेत आणि भारतातील अनेक कारखाने आपले फलक तेथे पाठवीत आले आहेत. आता देशातही हे तंत्रज्ञान रुजू लागले आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी : यंत्राने सरसकट तुकडे करण्यापेक्षा कुशल हातांनी भाग सुटे केले तर माल अधिक शुद्ध मिळतो. सीलमपूरचा कारागीर या कामात कोणत्याही यंत्रापेक्षा सरस आहे. अनर्थ होतो तो पुढच्या टप्प्यात, भट्टी व आम्ल यांच्यापाशी. सुटे करण्याचे काम त्याच्याकडे ठेवून वितळविण्याचे काम कारखान्याकडे सोपविणे ही गोष्ट सांगण्यास सोपी असली तरी ती घडवून आणण्यासाठी कारखान्याने त्याला आम्लवाल्यापेक्षा चांगला भाव दिला पाहिजे.

कायद्याने या क्षेत्रात उशिरा प्रवेश केला. एका देशाचा घातक कचरा दुसऱ्या देशात जाण्यावर नियंत्रण ठेवणारा बाझेल करार १९८९ सालचा. भारताने तो १९९२ साली मान्य केला. तरीही 'वापरलेली उपकरणे' किंवा 'दानाच्या वस्तू' या नावांखाली परदेशांतील मोडके संगणक भारतीय बंदरांत उतरत राहिले. देशातील ई-कचऱ्यासाठी स्वतंत्र नियम २०११ साली तयार झाले आणि १ मे २०१२ पासून अमलात आले. २०१६ साली ते बदलले. सध्या २०२२ चे नियम लागू असून त्यांची अंमलबजावणी १ एप्रिल २०२३ पासून सुरू झाली. या सर्वांचा गाभा एकच आहे : ज्याने वस्तू बाजारात आणली त्याने तिच्या अखेरचीही जबाबदारी उचलावी. आपण विकलेल्या मालाच्या ठरावीक भागाचे पुनश्चक्रीकरण झाल्याची प्रमाणपत्रे उत्पादकाने नोंदणीकृत कारखान्यांकडून विकत घ्यावयाची असतात. हा भाग पहिल्या दोन वर्षांसाठी ६० टक्के, पुढील दोन वर्षांसाठी ७० टक्के आणि २०२७-२८ पासून ८० टक्के ठरविला आहे. प्रमाणपत्रे फार स्वस्त झाली तर कारखान्यांना प्रामाणिकपणे काम करणे परवडणार नाही, म्हणून २०२४ साली सरकारने त्यांची किमान किंमत बांधून दिली. काही मोठ्या कंपन्यांनी २०२५ साली तिला न्यायालयात आव्हान दिले.

शाळा, कार्यालये, रुग्णालये यांसारख्या मोठ्या ग्राहकांना आपला ई-कचरा नोंदणीकृत कारखान्याकडेच सोपविण्याचे बंधन आहे. द्वारकेतील एखाद्या विद्यापीठाने जुने संगणक लिलावात कबाडीला विकणे नियमात बसत नाही. घरगुती ग्राहकाची गोष्ट थोडी निराळी. त्याने नवीन वस्तू घेताना जुनी दुकानदाराकडे बदलीत द्यावी, कंपनीच्या संकलन केंद्राकडे पाठवावी किंवा सोसायटीने एकत्र माल जमवून नोंदणीकृत कारखान्याची गाडी बोलवावी, असे मार्ग उपलब्ध आहेत. दहा घरांचा माल एकत्र असला तर गाडी येणे कारखान्यालाही परवडते. मोबाइल वा संगणक देण्यापूर्वी त्यातील खाजगी माहिती पुसून टाकावी. केवळ फाइल काढून टाकल्याने ती नष्ट होत नाही, म्हणून यंत्र मूळ स्थितीत आणण्याची सोय वापरावी. फुगलेला विद्युतघट टोचू अथवा दाबू नये. लिथियमचे घट पेट घेतात. त्याच्या टोकांवर चिकटपट्टी लावून तो वेगळा द्यावा. सीएफएल दिवा फुटू न देता खोक्यात ठेवावा. आणि वस्तू कबाडीलाच द्यावयाची असेल तर निदान ती अखंड द्यावी, तिचे भाग काढून घेऊन उरलेला सांगाडा त्याच्या गळ्यात घालू नये. कारण तांबे काढून घेतलेल्या काच-नळीला कोणी विचारीत नाही आणि ती शेवटी उकिरड्यावर फुटते.

केवळ बंदी घालून हा प्रश्न सुटत नाही, याचाही अनुभव दिल्लीने घेतला आहे. प्रदूषणाच्या कारणावरून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशानुसार एप्रिल २०१९ मध्ये मायापुरीतील भंगाराची दुकाने मोहोरबंद करण्याची कारवाई सुरू झाली, तेव्हा व्यापारी व सुरक्षा दले यांच्यात चकमक उडाली. एका वस्तीतून हुसकलेला धंदा थांबत नाही. तो शहराच्या अधिक कडेला, अधिक अंधाऱ्या जागी जातो आणि कामगाराची मजुरी तेवढी कमी होते.

दुसरा मार्ग पुण्याने दाखविला. तेथे १९९३ साली कचरावेचक व भंगार गोळा करणाऱ्यांनी एकत्र येऊन 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना स्थापन केली. तिच्या नावातच तिच्या सभासदांचा माल आहे. ओळखपत्र मिळाल्यामुळे सोसायटीच्या फाटकावर 'चोर' म्हणून अडविले जाण्याची नामुष्की कमी झाली. पुढे याच संघटनेतून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली आणि तिने पुणे महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. जुनी विद्युत उपकरणे घेण्याचीही सोय तिने केली. दिल्लीतही 'चिंतन' ही संस्था आणि कचरावेचक व कबाडी यांची 'सफाई सेना' यांनी याच धर्तीवर प्रयत्न केले : कबाडीने माल गोळा करावा, हवे तर सुटा करावा, पण जाळू नये व आम्लात टाकू नये, तो थेट नोंदणीकृत कारखान्याला विकावा. अशा व्यवस्थेत घरमालकाची दारातील सोय कायम राहते, कबाडीचे पोट भरते आणि विष भट्टीच्या गाळण्यांत अडते. तिचे खरे कच्चे दुवे दोन : माल कारखान्याला परवडेल इतका साठेपर्यंत कबाडीला थांबणे भाग पडते, आणि तोवर गुदाममालकाचे उसने भांडवल कोणी फेडावयाचे?

२०२२ च्या नियमांनुसार उत्पादक, निर्माता, दुरुस्तीकार आणि पुनश्चक्रीकरण करणारा या चौघांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. दारात येणाऱ्या कबाडीसाठी त्या नोंदणीत वेगळा रकाना नाही. त्याच नियमांत राज्य सरकारांवर मात्र काही कर्तव्ये सोपविली आहेत : औद्योगिक वसाहतींत या कामासाठी जागा राखून ठेवणे, वस्तू सुट्या करणाऱ्या व पुनश्चक्रीकरण करणाऱ्या कामगारांची नोंद करून त्यांना मान्यता देणे, त्यांचे गट बांधण्यास साहाय्य करणे, त्यांना कौशल्याचे शिक्षण देणे आणि त्यांच्या आरोग्यावर दरवर्षी देखरेख ठेवणे. सीलमपूरच्या गल्लीत तव्यावर फलक तापविणारा कारागीर हा याच नोंदवहीत यावयाचा मनुष्य आहे.